अनुरूप विवाह आणि आपल्या घरातील समलिंगी मुलगा
(वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी जो विषय आपणापुढे मांडणार आहे तो आपल्या वस्तीत बोलला जात नाही असे नाही. तो रोज बोलला जातो, पण टवाळीच्या रूपाने. चौकातून जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या चालीत जरा मार्दव दिसले, तो क्रिकेटऐवजी आईजवळ चुलीपाशी अधिक रमला, की ‘बायल्या’ हा शब्द त्याच्या पाठीवर येऊन पडतो. शब्द टाकणारा पुढच्या क्षणी तो विसरतो. ज्याच्यावर तो पडला त्याच्या मनातून मात्र तो वीस वीस वर्षे जात नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना एका शब्दाने हाक मारून आयुष्यभर खाली बसविण्यात आले होते. सबब एक शब्द माणसाचे काय करू शकतो हे ह्या सभेला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. ज्या पुरुषाचे प्रेम आणि शरीराचे आकर्षण स्वाभाविकपणे पुरुषाकडेच असते त्यास समलिंगी म्हणतात. तो पुरुषच असतो. त्याला स्त्री व्हावयाचे नसते. आपल्याकडे तृतीयपंथी म्हणून जे लोक ओळखले जातात त्यांचा प्रश्न वेगळा आहे. जन्मतः लावला गेलेला लिंगाचा शिक्का त्यांना आपला वाटत नाही, आणि त्यांच्या हक्कांना सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतंत्रपणे मान्यता दिली आहे. दोघांसही समाज एकाच अपशब्दाने हिणवतो म्हणून दोघे एक ठरत नाहीत. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. प्रत्येक समलिंगी मुलगा नाजूक चालीचा असतो असे मुळीच नाही. तो कबड्डीच्या संघात असेल, पोलीस भरतीसाठी पहाटे धावत असेल, भीमजयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे ढोल वाजवत असेल. आपणांस त्याची ओळख पटत नाही, कारण ओळख पटू न देणे हेच त्याचे वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासूनचे मुख्य काम होऊन बसलेले असते.

असा विषय धम्माच्या व्यासपीठावर अश्लील आहे, असे काहींस वाटेल. त्यांना मी १९३४ सालाकडे नेऊ इच्छितो. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक काढले होते आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्यात वाचक आपल्या लैंगिक शंका विचारीत आणि कर्वे त्यांस आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाविषयी प्रश्न होते, तसेच समलिंगी संबंधांविषयीही होते. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. पुण्या-मुंबईच्या सभ्य समाजात त्यांच्या बाजूने उभे राहण्यास फारसे कोणी धजावेना. त्या वेळी मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रामाणिकपणे विचारलेल्या प्रश्नांस शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची बाजू होती. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांस दंड झाला. ज्यांच्या शिरावर त्या काळी अवघ्या अस्पृश्य वर्गाचा भार होता, त्यांनी असा बदनामीचा खटला का घ्यावा, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा. मला एवढेच दिसते, की अज्ञान झाकून ठेवण्यास बाबासाहेब सभ्यता मानीत नव्हते. तेव्हा आजच्या विषयाची लाज आपण त्यांच्या नावाने तरी धरू नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की हा एक रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढून टाकली. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली ती रोग नाही असे जाहीर केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर असे कलमच आहे, की एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून त्यास मानसिक रुग्ण ठरविता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी एका प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे कळविले, की समलिंगी व्यक्तीस ‘बदलण्याचा’ उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन होय. म्हणजे जो डॉक्टर आपणांस सांगतो, ‘मुलाला आठ दिवस ठेवा, गोळ्या आणि शॉक देऊन सरळ करतो’, तो आपल्या मुलाचा वैरी तर आहेच, शिवाय आपल्या पेशाचाही अपराधी आहे.

डॉक्टरांचे सोडा. आपल्याकडे अद्याप मुलाला ‘बाहेरचे लागले’ म्हणून मांत्रिकाकडे नेणारी घरे आहेत. देवदेवस्की सोडून आपल्याला सात दशके होत आली, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, आणि मुलाच्या प्रेमाचा प्रश्न आला की पाय मात्र जुन्याच वाटेने अंगारा आणावयास जातात! भूत काढण्याच्या नावाखाली कोणास मारहाण करणे, कोंडणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे अशा घरांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप, की हे पाश्चात्यांचे खूळ आहे. वस्तुतः पाश्चात्यांकडून आला तो ह्या प्रेमास गुन्हा ठरविणारा कायदा. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० साली ती संमत झाली, आणि १८६२ पासून तिचे ३७७ वे कलम ह्या देशावर बसले. ह्याचा अर्थ पूर्वी सारे आलबेल होते असा नव्हे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाचा पुरुषाशी संभोग हा ‘जातिभ्रंशकर’ पातकांत घातला आहे. जातिभ्रंशकर! माणसाला घरातून, पंक्तीतून, आपल्यातून बाहेर काढण्याची ही युक्ती कोणाची आहे, ते आपण नीट पाहावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाची होळी झाली, त्याचाच एक निकाल आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याच मुलावर, आपण निमूटपणे अमलात आणीत असू, तर ती होळी पुरती पेटली नाही असे म्हणावे लागेल.

तिसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो श्रद्धावंतांच्या मनातून येतो. पंचशीलातील तिसऱ्या शीलाचा ह्याने भंग होत नाही काय? ‘कामेसु मिच्छाचार’ ह्याचा अर्थ आपण व्यभिचार असा करतो. जुन्या पाली ग्रंथांत गृहस्थासाठी ह्या शीलाचा जो खुलासा आढळतो, तो परस्त्री, दुसऱ्याच्या आश्रयाखालील स्त्री, वाग्दान झालेली स्त्री ह्यांच्याकडे जाऊ नये असा आहे. त्यात निषेध आहे तो विश्वासघाताचा, बळजोरीचा आणि दुसऱ्याचे घर मोडण्याचा. भिक्षूंसाठी विनयात सर्वच मैथुन वर्ज्य आहे, मग ते कोणाशीही असो. आणि ‘पंडक’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो त्यांना उपसंपदा देऊ नये असाही एक नियम आहे. तो मी आपल्यापासून लपवीत नाही. त्या शब्दाने नेमके कोण अभिप्रेत होते ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तो नियम संघप्रवेशाचा आहे. गृहस्थाच्या घरातून मुलाला काढण्याचा नियम तथागतांच्या धम्मात मला कोठेही आढळलेला नाही. दोन प्रौढ व्यक्तींनी परस्परांच्या संमतीने, कोणास न फसविता, एकमेकांस सांभाळून राहावे, ह्यात मिथ्याचार कोणता?

मिथ्याचार कोठे घडतो ते मी आता सांगतो, आणि येथे मला आपला थोडा अधिक वेळ हवा आहे.

मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. नोकरीस लागतो, किंवा लागत नाही. मावशी स्थळ आणते. तो म्हणतो, ‘आई, मला इतक्यात लग्न करावयाचे नाही.’ आई म्हणते, ‘इतक्यात म्हणजे कधी?’ पुढच्या वर्षी तो स्पर्धापरीक्षेचे निमित्त सांगतो, त्याच्या पुढच्या वर्षी घर बांधण्याचे, मग धाकट्या बहिणीच्या लग्नाचे. बहिणीचेही लग्न होते. आता निमित्ते संपलेली असतात. एका रात्री तो धीर करून सांगतो, किंवा त्याच्या मोबाईलमधील संदेश कोणी वाचतो. घरात मोठा आकांत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सारे असे वागतात जणू काही झालेच नाही, आणि बाप एवढेच म्हणतो, ‘लग्न करून टाका, आपोआप सुधारेल.’

हे वाक्य ज्या ज्या घरात बोलले गेले असेल, त्या घरास मी विचारतो: सुधारण्याचे औषध म्हणून जी मुलगी आपण आणणार आहात, ती कोणाची लेक आहे? तीही आपल्यासारख्याच एका बौद्ध घरातली असेल. तिच्या बापाने कर्ज काढून मांडव घातला असेल. तिला कोणी विचारले आहे काय? ती बिचारी पहिली सहा महिने स्वतःतच दोष शोधते: आपण काळ्या आहोत, आपण शिकलेल्या नाही, आपल्या हाताला चव नाही. दुसऱ्या वर्षी सासू विचारते, पाळणा का हलत नाही. तिसऱ्या वर्षी ती आजारी पडते. घरातल्या तिघा-चौघांना सत्य ठाऊक असते आणि केवळ तिलाच ते ठाऊक नसते. हिंदू कोड बिलासाठी झगडत, स्त्रीस विवाहात माणूस म्हणून उभे करण्यासाठी ज्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या तसबिरीखाली हा विवाह लागतो!

आणि विवाहाच्या वेळी काय होते ते आपण जाणता. बौद्ध पद्धतीच्या विवाहात वर बुद्धमूर्तीपुढे उभा राहून प्रतिज्ञा करतो, की मी पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, मिथ्याचार करणार नाही. आपला मुलगा हे शब्द उच्चारत असताना त्याचे ओठ थरथरतात, कारण आपण हे पाळू शकणार नाही हे त्याला त्याच क्षणी ठाऊक असते. चौथे शील मुसावादाचे आहे. ते त्याने आपण होऊन मोडले नाही. आईबापांनी, मामांनी आणि आत्यांनी त्याला हाताला धरून ते मोडावयास लावले. उलट तो नकार देत राहिला असता, तर तो शीलवान राहिला असता. त्या मुलीच्या दृष्टीने कायदाही स्पष्ट आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांसही लागू आहे, आणि त्याच्या १२ व्या कलमान्वये, एखादी महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती मिळविली असल्यास, फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. ह्या उपायाची वेळ आणण्यापूर्वीच थांबणे बरे नव्हे काय?

राजगृहात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास जो उपदेश केला, तो आपल्याकडे विवाहप्रसंगी नेहमी सांगितला जातो. त्यात मातापित्यांची मुलाप्रत पाच कर्तव्ये दिली आहेत: पापापासून परावृत्त करणे, सन्मार्गास लावणे, शिल्प म्हणजे व्यवसाय शिकविणे, अनुरूप जोडीदाराशी विवाह करून देणे आणि योग्य काळी वारसा सोपविणे. कोणी म्हणेल, पाहा, विवाह करून देणे हे कर्तव्यच सांगितले आहे, आणि तोही पत्नीशी. खरे आहे, तेथे शब्द पत्नीचाच आहे. पण त्याच्या आधी ‘पतिरूप’ म्हणजे अनुरूप हे विशेषण जोडलेले आहे, आणि त्याकडे आपण डोळेझाक करतो. ज्या मुलाचे मन स्त्रीकडे जातच नाही त्यास कोणती स्त्री अनुरूप होईल? आणि त्या स्त्रीस तो कसा अनुरूप होईल? सोयरीक जुळविताना आपण शिक्षण पाहतो, उंची पाहतो, नोकरी कायम आहे की कंत्राटी हे दहा वेळा विचारतो. मुलाचे मन कोठे आहे हे एकदाही विचारीत नाही.

हा प्रश्न आता आपल्या भाषेत, आपल्या मातीत दिसू लागला आहे. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आणले, ते समलिंगी तरुणीविषयी होते. २०२५ साली ‘साबर बोंडं’ हा रोहन परशुराम कानवडे ह्यांचा मराठी चित्रपट अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. वडील वारल्यावर शहरातला मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, नातेवाईक त्याच्या लग्नाचा लकडा लावतात, आणि त्याला आधार मिळतो तो गावातल्याच एका शेतकरी मित्राचा, अशी ती कथा आहे. मला त्यातील आई फार मोलाची वाटली. तिला सर्व ठाऊक आहे, आणि ती त्याचे वकीलपत्र न मिरविता त्याच्या बाजूने उभी आहे. अशा माता पडद्यावरच असतात असे समजू नका. त्या आपल्या वस्तीतही असतात. फक्त त्यांना बोलावयास दुसरी बाई सापडत नाही.

खेड्यातून किंवा तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलास तेथे मोकळे आकाश मिळते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट ह्यांनी ह्या तरुणांसाठी काम केले. बिंदुमाधव खिरे ह्यांनी मराठीतून पुस्तके लिहून, इंग्रजी न येणाऱ्या मुलास स्वतःविषयी वाचावयास काही तरी दिले. हे उपकार मोठे आहेत. पण आपला मुलगा जेव्हा मोबाईलवरील ॲपवर कोणाशी बोलू लागतो, तेव्हा चार वाक्यांनंतर त्याला आडनाव विचारले जाते. आडनाव सांगितले की कित्येकदा समोरचा नाहीसा होतो. २०१५ साली मुंबईत एका मातेने आपल्या मुलासाठी ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात वृत्तपत्रात दिली. तिच्या धैर्याचे कौतुक सर्व देशाने केले आणि ते योग्यच होते. त्या जाहिरातीत जातीची अट नाही असे म्हटले होते, पण कंसात स्वजातीस पसंती लिहिली होती. घरच्यांनी पुढे खुलासा केला, की ते थट्टेने लिहिले होते. असेल. तो कंस मात्र आपल्या डोळ्यांत सलला, कारण तसल्या कंसाबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणजे आपला हा मुलगा वस्तीत एका कारणाने परका आणि शहरात दुसऱ्या कारणाने परका. त्याला माणूस म्हणून बसावयास जागा उरते ती एकच, आणि ती म्हणजे त्याच्या आईबापांचे घर. तेथूनच तो उठविला गेला तर त्याने जावे कोठे, ह्याचे उत्तर काही घरांना विहिरीने किंवा रेल्वेच्या रुळांनी दिलेले आहे. ह्याहून अधिक मी त्याविषयी बोलत नाही.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम निष्प्रभ केले. त्या निकालात ‘संविधानिक नैतिकता’ ह्या कल्पनेचा आधार घेतला होता, आणि ती कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात मांडलेली होती. ही नैतिकता उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, हे त्यांचे म्हणणे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. त्यात एक कारण असे दिले होते, की असे लोक लोकसंख्येचा अगदी क्षुल्लक अंश आहेत. ह्या वाक्यापाशी प्रत्येक बौद्धाने थांबले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्ध सुमारे ८४ लाख, म्हणजे शंभरात एकही नव्हे, ०.७ टक्का! संख्या थोडी म्हणून हक्क थोडे, हा न्याय एकदा मान्य केला तर त्याचा पुढचा बळी कोण?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मूलभूत मानला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंह जोहर प्रकरणी पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की प्रौढांचा परस्परसंमतीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा ह्यांनी आपल्या निकालपत्रात तर असे नमूद केले, की ह्या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने क्षमा मागावयास हवी. कुटुंबांचीही, हे ध्यानात घ्या. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता लागू झाली तीत ३७७ वे कलम नाहीच. त्यात एक उणीव मात्र राहिली आहे. प्रौढ पुरुषावर बलात्कार झाल्यास पूर्वी ते कलम उपयोगी पडे, आता तशी थेट तरतूद उरलेली नाही. अठरा वर्षांखालील मुलांस मात्र पोक्सो कायद्याचे संरक्षण मुलग्यांसही मुलींइतकेच आहे.

विवाहाचा हक्क मिळाला काय? नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि ते काम संसदेवर सोडले. २०२४ साली केंद्र सरकारने एवढे स्पष्ट केले, की अशा जोडीदारांस बँकेत संयुक्त खाते काढण्यास व एकमेकांस नामनिर्देशित करण्यास प्रतिबंध नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांस एक कुटुंब धरावे. हे थोडेच आहे. पण कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार? १९५६ साली धम्मदीक्षा घेतली म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींतून आपले नाव गळले, आणि ते १९९० साली परत घातले गेले. मधली चौतीस वर्षे एका पिढीची नोकरीची सगळी उमेद खाऊन गेली. त्या काळात कोणी आपणांस म्हणाले असते, ‘कायद्यात नाही ना, मग तुम्ही नाहीतच’, तर आपण ते ऐकून घेतले असते काय?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. अनेक ठिकाणी टोळ्या अशा मुलांस ॲपवरून भेटीस बोलावतात, त्यांची चित्रफीत काढतात आणि ‘घरी सांगू’ म्हणून पैसे उकळतात. मुलगा अंगठी विकतो, फीचे पैसे देतो, उसने काढतो. त्या टोळीचे सारे भांडवल म्हणजे आपला धाक. बाप काय म्हणेल ह्या भीतीवर तिचा धंदा चालतो. ज्या मुलाला घरी येऊन ‘बाबा, मी अडकलो आहे’ असे सांगता येते, त्याच्यापुढे ती टोळी हतबल होते. खंडणी उकळणे हा न्यायसंहितेच्या ३०८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मुलाचा संबंध हा गुन्हा नाही. पोलीस ठाण्यात जाताना वडील किंवा वस्तीतला एखादा वकील बरोबर असावा, म्हणजे ठाण्यातली भाषा बदलते. पैसे मोबाईलवरून गेले असल्यास १९३० ह्या क्रमांकावर त्वरित कळवावे. मुलगा खाणेपिणे सोडून अबोल झाला असेल, तर १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ क्रमांक आहे. त्यावर मराठीतून, विनामूल्य, दिवसरात्र बोलता येते. एच. आय. व्ही. ची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि औषधेही २००४ पासून मोफत आहेत. हे सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ही काळजी जावई-मुलगा सर्वांनीच घ्यावयाची असते.

मातापित्यांनो, मुलाने सांगितल्यावर पहिल्या रात्री आपण काय बोलावे, असे मला विचारण्यात येते. फार बोलू नये. ‘जेवलास का’ एवढे विचारले तरी पुरे. आपले दुःख, आपला संताप, नातवंडाचे आपले स्वप्न मोडल्याची हळहळ, हे सर्व खरे आहे आणि त्यास वेळ लागेल. तो वेळ आपण घ्यावा. परंतु त्या काळात तीन गोष्टी होऊ देऊ नयेत: त्याला घराबाहेर काढले जाऊ नये, त्याच्यावर हात उगारला जाऊ नये आणि त्याच्यासाठी मुलगी पाहण्यास कोणी जाऊ नये. भावकीला लगेच सांगण्याची गरज नाही. कोणास केव्हा सांगावयाचे, हे त्याने ठरवावयाचे आहे.

आणि ह्या विहाराच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून जो कोणी तरुण हे ऐकत असेल, त्यास दोन शब्द. बाळ, आज घरी जाऊन सांगून टाक असे मी तुला म्हणणार नाही. तुझे घर तू जाणतोस. पदरी नोकरी आणि राहावयास जागा होईपर्यंत गप्प राहण्यात भित्रेपणा नाही. पण लग्नाला होकार देऊ नकोस. कितीही रडारड झाली, कोणी विष घेण्याची धमकी दिली, तरी देऊ नकोस. त्या एका होकाराने जी मुलगी बुडेल तिने तुझे काही बिघडविलेले नाही. आणि आपण एकटेच असे आहोत असे समजू नकोस. आपल्या जिल्ह्यात, आपल्याच तालुक्यात, कदाचित ह्याच सभेत दुसरा कोणी असेल, आणि तोही तुझ्याचप्रमाणे खांबाआड उभा असेल.

माझे बोलणे झाले. प्रश्न विचारावयाचे असल्यास माईकवर येण्याची आवश्यकता नाही. स्वयंसेवक कोरे कागद आणि पेन्सिली वाटत आहेत. त्यावर नाव न घालता प्रश्न लिहावा, चार घड्या घालाव्या आणि डब्यात टाकावा. ज्यांना लिहावयाचे नाही त्यांनीही कोरा कागद घडी करून टाकावा, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे कोणास कळणार नाही. उत्तरे मी पुढच्या रविवारी ह्याच वेळी देईन.